आसावरीचा दुभाषा

आसावरी देवधरला इंग्रजी येत नाही, असं बर्मिंगहॅमच्या त्या हॉस्पिटलचं ठाम मत होतं.

चूक तिचीच. सर्जरीत, म्हणजे तिथल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, नाव नोंदवताना रिसेप्शनवरच्या बाईनं तिची पहिली भाषा विचारली आणि ही नागपूरची प्रामाणिक मुलगी म्हणाली, "मराठी." दिवसभर बँकेच्या कॉम्प्युटर विभागात गोऱ्यांच्या स्पेलिंगच्या चुका काढणारी मुलगी! पण एकदा कागदावर आलं की आलं. म्हणून जानेवारीतल्या त्या ओल्या सकाळी, न्यूरॉलॉजीच्या वेटिंग रूममध्ये ती छातीतली धडधड मोजत बसली असताना एक उंच तरुण, छत्रीतून पाणी गाळत, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"नमस्कार. मी तुझी दुभाषी आहे."

तिनं वर पाहिलं. डोळे चांगले होते... पण ती गारठली ती त्या डोळ्यांनी नव्हे. मराठी माणूस! इथे! दोन वर्षं तिनं हा आजार लपवला होता. ऑफिसात सांगितलं होतं, गुडघ्याचं जुनं दुखणं आहे. घरी आईबाबांना तर तेवढंही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हे मज्जातंतूंच्या आजाराचं नाव तिनं एकाच माणसाला विश्वासानं सांगितलं होतं, पुण्याच्या अजयला, साखरपुडा ठरला तेव्हा. त्याचे फोन आधी आखूड झाले, मग बंद. तेव्हापासून तिचा हिशेब पक्का होता – ज्याला कळतं, तो जातो.

"मला इंग्रजी येतं," ती कुजबुजली.

"माहीत आहे. मघाशी ऐकली मी. माझ्यापेक्षा पॉश बोलते तू." तो शेजारी बसला. "पण मला पाठवलंय. पूर्ण काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीत, मराठीला मी एकटीच आहे."

"एकटाच."

"एकटाच. सॉरी. माझी सगळी मराठी आईकडून आली, म्हणून मी आईसारखी बोलते. एरवी मी रस्त्यांवरचे दिवे बघते. नोकरी घेताना शो करायला लिहिलं होतं – मराठी, फ्लुएंट." तो ओशाळून हसला. "मी यतीन. बघ, तू मला हवी आहेस." मग कानापर्यंत लाल. "म्हणजे... ग्रॅमरसाठी."

आत सिस्टर मॉरीन म्हणाली, नियम म्हणजे नियम, पहिल्या भाषेत समजावल्याशिवाय संमतीची सही नाही. मग काय, मॉरीन इंग्रजीत सांगायची, आसावरीला सगळं कळायचं, आणि मग तेच तिला यतीनच्या मराठीत पुन्हा ऐकावं लागायचं.

प्रकरण साधं नव्हतं. रात्री तिचे पाय कुणीतरी ओलं धुणं पिळावं तसे पिळवटायचे. गोळ्या करून झाल्या होत्या. आता एका नव्या औषधाची चाचणी होती. कॅनाबिसपासून केलेला फवारा, जिभेखाली मारायचा. तिनं त्यावरचं मिळेल ते वाचलं होतं. पण मन नावाचं खुळं एकच शब्द धरून बसलं होतं – गांजा. देवळामागे चिलीम ओढणारे जटाधारी, आणि आता त्यांच्या ओळीत देवधरांची आसावरी! वर्क परमिट वाढवायला टाकलेलं. कुणी विचारलं तर?

"काही पेशंटना डमी मिळेल," मॉरीन म्हणाली, "नुसतं चवीचं पाणी."

यतीननं डोकं खाजवलं. "काही लोकांना... बाहुली मिळते."

"काय?"

"डमी. बाहुली. कुणाला गांजा, कुणाला बाहुली. कुणाला काय, ते सांगत नाही."

"हळू बोला हो!" तिनं दाराकडे पाहिलं. तळहाताला घाम फुटला होता आणि तरी पोटातून हसू वर येत होतं – उचकीसारखं, आवरेना.

मग मॉरीननं नमुन्याचं कार्ड समोर ठेवलं. हे कायम जवळ ठेवायचं. पोलिसांनी अडवलं तर दाखवायचं, हॉस्पिटलचा नंबर त्यावर आहे. औषध देशाबाहेर न्यायचं नाही. पहिला डोस इथेच द्यायचा, चक्कर येते कुणाकुणाला, म्हणून घरी नेणारं आणि संध्याकाळपर्यंत सोबत थांबणारं माणूस हवं. कार्डाच्या मागे त्याचं नाव. नाव नाही तर डोस नाही. जागा पुढच्या पेशंटला.

यतीन तिच्याकडे वळला. त्याला नीट वाक्य सापडेना. शेवटी एवढंच म्हणाला, "तुझं... कोण आहे?"

इतका साधा प्रश्न.

"आहे ना. मैत्रीण. सुचेता." सुचेता एडिनबरात होती आणि तिला यातलं अक्षर माहीत नव्हतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये आसावरीनं भीत भीत विचारलं, "महाराष्ट्र मंडळात जाता तुम्ही?"

"माझा आई... माझी आई सेक्रेटरी आहे. मधुमती साठे."

संपलं! मधुमतीकाकूंच्या कानावर सकाळी पडलेली गोष्ट दुपारी लेस्टरला आणि संध्याकाळी नागपूरला पोचायची.

"मी नाही सांगत," तो म्हणाला. "सांगितलं तर नोकरी जाते."

"आणि नोकरीचा प्रश्न नसता तर?"

"तरी नाही."

विश्वास ठेवावा असा आवाज होता. अजयचाही होता.

संक्रांतीला मंडळ चर्चच्या हॉलमध्ये जमलं. ती जाणार नव्हती, पण न जावं तर चौकशीचे फोन येणार. हळदीकुंकवाच्या गर्दीत काकूंनी तिला गाठलंच.

"काय गं, लंगडतेस का?"

"गुडघा, काकू."

"या वयात? ये, हा माझा यतीन. यतीन, ही आसावरी."

एक शब्द... त्यानं चुकून एक शब्द बोलायचा अवकाश...

"हॅलो," यतीन म्हणाला, "कधी भेटलो नाही आपण." आणि तिच्या तळहातावर तिळगूळ ठेवून, बोटं क्षणभर तिथंच ठेवून म्हणाला, "तिळगूळ घे... आणि काही बोलू नको."

"अरे गाढवा! गोड बोला म्हणतात, गोड बोला!" काकूंनी कपाळाला हात लावला. "जन्म गेला तरी या मुलाला मराठी यायचं नाही."

बायका खो खो हसल्या. आसावरीला मात्र ठाऊक होतं, यतीन आज मराठी अगदी अचूक बोलला होता. तिळगूळ तिनं खाल्ला नाही. मुठीत धरून घरी नेला.

पहिल्या डोसच्या दिवशी बर्फाळ पाऊस सुरू होता. दुभाषा नको, असं तिनं आधीच फोन करून कळवलं होतं. तो समोर असला की तिला बरं वाटायचं, आणि बरं वाटण्याचीच तिला धास्ती होती.

"मैत्रीण कुठाय?" मॉरीननं विचारलं.

"ट्रेन लेट आहे."

"मी थोडा वेळ थांबते हं. पण थोडाच."

आसावरी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली. ट्रेन नव्हती, मैत्रीण नव्हती. उठून बसस्टॉप गाठावा, हे तिला कळत होतं. पण उजवा पाय आखडला होता, आणि आज ही जागा गेली की पुढच्या सगळ्या रात्री तशाच जाणार होत्या. उद्या काठी... मग चाकांची खुर्ची... मग नागपूर, आईच्या गळ्यात. तिनं डोळे मिटून घेतले.

"सुचेता उंच आहे का?"

समोर यतीन. गळ्यात बिल्ला नव्हता. चक्क टाय होता, आणि केस चापून बसवलेले.

"तुम्ही? मी तर दुभाषा नको म्हणून..."

"म्हणून तर आलो. दुभाषानं पेशंटला घरी न्यायचं नाही, रूल आहे. आज मी दुभाषा नाही." त्यानं जपून जपून 'आलो' म्हटलं होतं. "सुचेताचं नाव घेताना तू खाली बघते. मला वाटलं, कोणी येत नाही."

"आणि काकूंना काय सांगितलंत?"

"तुझं नाव नाही सांगितलं! फक्त म्हटलं, सुट्टी घेतली, मुलगी बघायला चाललो."

"...काय?"

"मुलगी बघायला. डोसनंतर तुझ्यावर लक्ष ठेवायचं ना? बघायचं. मग आई आधी रडली, मग देवापुढे साखर ठेवली. मग हा टाय बांधला. का, ते मला कळलं नाही."

आसावरीनं पदर असता तर तोंडात कोंबला असता. मफलर कोंबला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते नुसतंच पाणी राहिलं.

"मुलगी बघायला जाणं म्हणजे काय, माहितीये? लग्नासाठी जातात. पोहे खातात."

यतीनचा चेहरा टायपेक्षा लाल झाला. पण तो उठला नाही.

"यतीन, हा आजार बरा होत नाही," ती एका दमात म्हणाली. "वाढतो. कसा, किती, कुणालाच माहीत नाही. एक जण आधीच गेलाय. तुम्हीही जाल तर आत्ताच जा. नंतर... नंतर मला झेपणार नाही."

तो बराच वेळ शब्द जुळवत राहिला. ओठ हलत होते, परीक्षेतल्या मुलासारखे.

"मी तुला आवडतो," तो म्हणाला.

"अं?"

"मी. तुला. आवडतो."

उलट झालं रे ते, असं तिनं सांगायला तोंड उघडलं... आणि ती थबकली. त्याला सांगायचं होतं एक, बोलून बसला होता भलतंच. आणि जे बोलून बसला होता, ते तर खरंच होतं. मुठीत तिळगूळ घेऊन घरी गेली तेव्हापासून खरं होतं.

"हो," ती म्हणाली. कानशिलं तापली. "आवडतोस."

"नाही, म्हणजे मी..."

"तेही कळलं."

मॉरीन दारात आली. एका हातात कार्ड, दुसऱ्यात पेन. "मैत्रीण आली?"

यतीन घाईनं उठला, काहीतरी समजावून सांगायला. आसावरीनं त्याची बाही धरली, धरूनच उभी राहिली. औषध निघेल की पाणी, देव जाणे. परमिट, बाबा, काकू, सगळी भीती जागच्या जागी होती.

"तू गप्प बस," ती त्याला म्हणाली. "मी सांगते."

आणि भर कॉरिडॉरमध्ये, कुणी ऐकेल याची पर्वा न करता, एकेक अक्षर सुटं करत तिनं मॉरीनला त्याचं नाव सांगितलं.