चौसष्ट सालचा दावा

दोनशे सोळा होता. दोनशे अठरा होता. मधे बोटभर फट होती.

शीलाताईंनी स्टुलावर चढून मोबाइलचा उजेड फटीत टाकला. मागे नुसती भिंत. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला, शेजारचं त्रेसष्ट साल अख्खं उपसलं. दावा नंबर दोनशे सतरा, सन एकोणीसशे चौसष्ट, मौजे पिंपरी पेंढार, भागुजी विरुद्ध कुशाबा. कुठंच नाही.

त्यांनी फटीतल्या फळीवर बोट फिरवलं. बोट स्वच्छ राहिलं. आजूबाजूच्या बस्त्यांवर मात्र धुळीचा जाड थर होता. म्हणजे ही फाईल वर्षानुवर्षं हरवलेली नव्हती. कोणीतरी नुकतीच उचलली होती.

तालुक्याच्या कोर्टातल्या या रेकॉर्ड रूमची किल्ली गेली बारा वर्षं एकट्या शीलाताईंकडे होती. रोज अवसरी खुर्दहून एसटीनं यायचं, कुलूप काढायचं, संध्याकाळी लावून जायचं. बारा वर्षांत इथला एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता.

नकलेच्या खिडकीत भगवंतनाना वाट बघत उभे होते. कोर्टाबाहेरच्या चिंचेखाली टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिणारा माणूस. गरिबाला अडवत नाही, अशी ख्याती.

"घावला का दावा, ताई?"

"नाही, नाना. जागेवर नाही."

"अरारा! म्हातारी आज सकाळीच एसटी स्टँडावर भेटली बघा मला. रडकुंडीला आल्याली. म्हणलं चल, अर्ज लिहून देतो." नानांनी मान हलवली. "घावत नसंल तर तसा शेरा द्या लिहून. रेकॉर्ड उपलब्ध नाही म्हणून. बिचारीची खेप तरी वाचंल." मग खिडकीतल्या कुंडीकडे पाहून म्हणाले, "मोगऱ्याला पाणी घालत जा, ताई. सुनेनं तिच्या रोपवाटिकेतला खास तुमच्यासाठी दिलाय."

शीलाताईंनी हातातला नकलेचा अर्ज पुन्हा पाहिला. दाव्याचा नंबर, साल, दोन्ही पक्षकारांची नावं निळ्या शाईत, नानांच्या वळणदार अक्षरात. तारीख तेवढी काळ्या शाईत: २८ एप्रिल. खाली म्हातारीची, द्रौपदाबाईंची, वाकडीतिकडी सही.

पंधरा मिनिटांत त्यांना चेंबरमध्ये बोलावणं आलं.

"किल्ली कोणाकडे असते?" न्यायाधीश मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडे."

"आणखी कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही, मॅडम."

"मग पाचपर्यंत फाईल आणा, नाहीतर लेखी खुलासा. त्यानंतर मला पोलिसांना कळवावं लागेल." मॅडमचा आवाज चढला नव्हता.

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

आधी त्यांनी शिपाई बहिरूला आत घेतलं आणि दार लोटलं.

"खरं सांग. या महिन्यात कोणी पिशवी घेऊन आत आलं होतं?"

"न्हाई. पिशवी मी भाईरच ठिवून घेतो. जाताना खिसं बी चाचपतो. वकील लोक लई चिडत्यात माज्यावर."

"कॅमेरा?"

"दारावरच हाय की. ताई, या खोलीतनं चिठोरं बी भाईर गेलं न्हाई. लेकराची आण घेतो."

"दार सोडून कुठे गेला होतास?"

बहिरूनं डोकं खाजवलं. "येकदाच. चौदा एप्रिलच्या जयंतीनंतरचा शुक्रवार. तुमास्नी मॅडमनी बोलीवलं, अन् मी च्या आणाय गेलो. पण आत परकं कोन न्हवतं. नानाच व्हते."

शीलाताईंनी तपासणीची नोंदवही उघडली. जुना दावा बघायला कोण आलं, त्याची सही इथे असते. महिन्याभरात तिघं. सहा एप्रिलला वृषाली नावाची वकिलीची विद्यार्थिनी, जुने फौजदारी निकाल वाचायला. नऊ तारखेला सुदर्शन वकील, एका वाटपाच्या दाव्यासाठी. आणि सतरा तारखेला, शुक्रवारी, भगवंतनाना, आणे गावच्या अमृत नावाच्या शेतकऱ्यातर्फे, विहिरीच्या पाण्याचा सत्त्याऐंशी सालचा दावा बघायला. तिघांचेही अर्ज रीतसर होते.

सुदर्शन वकिलाचं नाव वाचताच त्या उठल्या. कुशाबाच्या नातवाचा, आदेशचा, तोच वकील. चौसष्ट सालच्या दाव्यात कुशाबा हरला असेल तर तो निकाल नाहीसा व्हावा असं त्यालाच वाटणार.

वकिलांच्या खोलीत आदेशही बसला होता.

"चौसष्ट सालचा दोनशे सतरा नंबरचा दावा जागेवर नाही. तुम्ही नऊ तारखेला आत आला होतात," शीलाताई म्हणाल्या.

सुदर्शन वकील हसला. "माझ्यावर संशय? शीलाताई, मला या दाव्याचा नंबर आत्ता तुमच्याकडून कळतोय. साठ वर्षांपूर्वीचं प्रकरण. संगणकावर नाही, आमच्या अशिलाकडे कागद नाही. नंबर माहीत असता तर मीच नक्कल काढून वाचली नसती का?"

"आजोबांनी कोर्टाचं नाव बी कधी काढलं न्हाई घरात," आदेश म्हणाला. "अन् आता मला काय घेणं-देणं? हायवेलगतची ती पट्टी आमी गेल्या वर्षीच इकून टाकली."

"कोणाला?"

वकिलानं आदेशच्या गुडघ्यावर हात ठेवला. "उद्या प्रांतांसमोर सुनावणी आहे. तिथे सांगू."

शीलाताई बाहेर आल्या. पाठीमागच्या पडवीत कागद कातरायच्या यंत्राची घरघर सुरू झाली होती. उन्हाळी सुट्टीच्या आधी मुदत संपलेली जुनी प्रकरणं कातरून टाकायची, हा दरवर्षीचा रिवाज. त्याची नाशयादी पंधरा एप्रिललाच फलकावर लागली होती. सालवार भरलेली पोती, त्यांवर खडूनं टाकलेले नंबर आणि ठेकेदाराचा माणूस. त्या आवाजानं त्यांचं डोकं आणखीच भणभणलं.

व्हरांड्यातल्या बाकावर द्रौपदाबाई बसल्या होत्या. सत्तरीच्या, काटक, मांडीवर रिकामी कापडी पिशवी. शेजारी त्यांच्या चुलतबहिणीचा मुलगा, राजरत्न.

"बाई, उद्या काय होणार आहे?"

"मंचरला प्रांतासमोर हुबं ऱ्हायचंय. माज्या बा ची जमीन. वतनाची. कुशाबानं ती बळकावली व्हती, बा कोर्टात गेला अन् जिकला. तवापास्नं आमीच कसतोय. पर तलाठ्याच्या दप्तरी नाव काय चढलं न्हाई. आता जाळीचं कुंपण घालाय माणसं आली. म्हनली, जागा इकलीया."

"कोणी घेतली?"

"नाव न्हाई सांगितलं. ट्रॅक्टरभर झाडं आणून वतली, काळ्या पिशव्यांतली. माजा कांदा तुडवला."

"मावशीकडे निकालाची प्रत होती, पण वाळवीनं खाल्ली," राजरत्न म्हणाला. "एक कोपरा तेवढा राहिला होता, नंबरचा."

"तो कोपरा कुठे आहे?"

"नानांकडं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "देवमाणूस. जयंतीच्या आधी, पोरं कमान बांधत व्हती तवा गेलो आमी त्यांच्याकडं. त्यो तुकडा ठिवून घेतला, म्हनले, अर्ज मी करतो, तुमी बोलवीन तवाच या. काल निरोप आला."

शीलाताई परत रेकॉर्ड रूममध्ये गेल्या, खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी कपाळ धरलं.

बाराव्या वर्षी पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या खोलीची भीती वाटत होती. कागद बाहेर गेला नाही. कागद आत नाही. मग गेला कुठे?

त्यांनी नोंदवही पुन्हा ओढली. सतरा एप्रिल. आण्याची विहीर. तो दावा आपसांत मिटून छत्तीस वर्षं झाली होती. मग अमृतला आता त्यात काय बघायचं होतं? त्यांनी फोन लावला.

"विहिरीचा दावा?" अमृतचा आवाज गोंधळलेला होता. "ती विहीर बुजवून जमाना झाला, ताई. मी कुणाला पाठवलं न्हाई. नानांनी पीकविम्याच्या अर्जावर सही घेतली व्हती, येवढंच."

फोन ठेवता ठेवता त्यांची नजर भिंतीवरच्या नाशयादीवर गेली. ओळ एकतिसावी. आणे, विहिरीचा दावा, सन १९८७. पानं एकोणीस.

शीलाताई धावतच सुटल्या.

"बहिरू, यंत्र बंद कर! बटण बंद कर आधी!"

"बाई, मला चारला गाडी भरायचीय," ठेकेदाराचा माणूस कुरकुरला. त्याच्या हातात पोतं होतं. नंबर अकरा. साल सत्त्याऐंशी. अर्धं यंत्राच्या तोंडात रिकामं झालं होतं, खाली कागदी शेवयांचा ढीग.

त्यांनी पोतं हिसकावून फरशीवर पालथं केलं. गुडघ्यांवर बसून एकेक बस्ता बाजूला सारला. तिसावी, बत्तिसावी, पस्तिसावी. एकतिसावी दिसेना. बहिरूही बसला. तोच म्हणाला, "ताई, ही बघा, आण्याची."

एकोणीस पानांची फाईल विटेएवढी जाड होती.

वरची नाडी सोडली. पहिली नऊ पानं विहिरीची. त्याखाली पिवळा, तुटका कागद, बोरूची अक्षरं: भागुजी विरुद्ध कुशाबा.

चार वाजता सगळे चेंबरमध्ये होते. मॅडम, सुदर्शन वकील, आदेश, द्रौपदाबाई, राजरत्न. भगवंतनाना दारालगत उभे. त्यांना वाटत होतं, शेरा घ्यायला बोलावलंय.

"बोला, शीलाताई," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, फाईल खोलीबाहेर गेलीच नव्हती. दारात झडती होते, वर कॅमेरा आहे. चोराला ते ठाऊक होतं. म्हणून त्यानं ती नेली नाही. ती कोर्टाकडूनच नष्ट व्हावी अशी सोय केली. नाशयादीतला एक दावा बघायला मागितला आणि त्याच्या पोटात ही कोंबली. यादीतल्या फाईलवर आम्ही फक्त वरचा नंबर बघतो. आणखी दहा मिनिटांत हिचा भुगा झाला असता."

"मग तपासणीला आलेल्या तिघांपैकी कोणी?"

"वृषाली आणि वकीलसाहेब आले तेव्हा नाशयादी लागलीच नव्हती. ती लागली पंधराला. त्यानंतर एकच माणूस आला. शिवाय या दाव्याचा नंबर रेकॉर्ड रूमबाहेर एकाच ठिकाणी उरला होता, द्रौपदाबाईंच्या फाटक्या तुकड्यावर. तो तुकडाही त्याच माणसाकडे." शीलाताई वळल्या. "नाना, बाई आज सकाळी भेटल्या म्हणालात. त्या जयंतीच्या आधीच तुमच्याकडे आल्या होत्या. अर्ज तुम्ही तेव्हाच लिहिला, निळ्या शाईत. तारीख आज टाकली, काळ्या. यंत्र येण्याचा दिवस गाठायचा होता ना?"

"ताई, काय बोलताय..." नानांनी दाराची चौकट धरली. "मी कशापायी करीन? लोकांचं भलं करण्यात जल्म गेला माजा."

"अमृतनं तुम्हाला पाठवलं नव्हतं. मी विचारलंय. आणि कशापायी, ते आदेश सांगेल. ती पट्टी कोणाला विकलीस?"

आदेशनं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं या वेळी हात ठेवला नाही.

"श्रेयावहिनींना," आदेश हळूच म्हणाला. "नानांच्या सुनेला. रोपवाटिकेसाठी."

द्रौपदाबाईंनी मान वळवून नानांकडे पाहिलं. त्या पाहतच राहिल्या.

"भागुजीचा निकाल वर आला की सुनेचं खरेदीखत रद्दीच्या भावात गेलं असतं," शीलाताई म्हणाल्या. "म्हणून शेरा हवा होता. कोर्टानंच लिहून दिलं असतं, रेकॉर्ड नाही. बाईंचा मार्ग बंद, आणि दोष किल्लीवालीचा."

"जमीन निर्धोक हाय म्हणून सांगितलं व्हतं मला," नाना पुटपुटले. "पोरीनं हौसेनं उभं केलं समदं. म्हातारीनं त्यो तुकडा म्होरं ठिवला अन् माजं हातपाय गळालं. त्यो तिला माघारी द्यायला पायजे व्हता. न्हाई दिला."

"खोलीत त्यांना एकटं मीच सोडलं, मॅडम," शीलाताई म्हणाल्या. "तेही खुलाशात लिहिते."

"लिहा," मॅडम म्हणाल्या आणि पोलीस ठाण्याला फोन लावायला सांगितला. "पण आधी नक्कल द्या. उद्या अकराला यांना मंचरला पोचायचंय."

पाच वाजता नकलेवर शिक्का बसला. एकूण चौदा पानं. राजरत्न बाकावर बसून ती एकेक करून वाचत होता.

"मावशी, यात तुझ्या वडलांची जबानी बी आहे."

"माज्या बा ची? वाच की मंग."

राजरत्नानं घसा साफ केला. "मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की, माझे नाव भागुजी. मी शेती करतो. मी सही करू शकतो, अंगठा करत नाही. प्रतिवादीच्या वकिलांनी विचारल्यावरून सांगतो की, मला मुलगा नाही. मुलगी आहे. द्रौपदा, वय आठ वर्षे. जमीन तिला राहावी म्हणून हा दावा केला आहे."

शीलाताईंनी शिक्क्याची पेटी मिटली.

द्रौपदाबाईंनी पदरानं डोळे पुसले, मग त्या पानावरच्या आपल्या नावाशी बोट नेलं.

"आठ न्हाई," त्या म्हणाल्या. "सातच व्हतं मला. वय कवाच नीट सांगाय यायचं न्हाई माज्या बा ला."