भर दुपारी रडणारं घर

"पळ बे जागू, पळ!"

असं ओरडणारा इश्वर स्वतःच सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्यामागे दहा वर्षांचा जागेश्वर, एक चप्पल पायात अन् एक हातात. रुखमा तेवढी अंगणात उभी राहिली. पळावंसं तिलाही वाटत होतं, पण धाकट्या भावासमोर पळायचं म्हणजे वर्षभर चिडवून घेणं आलं!

समोरच्या बंद घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येत होता. तोही भर दुपारी!

"पुष्पे वं... मले टाकून चालली का वं, पुष्पे..."

पुष्पा म्हणजे रुखमा आणि जागूची आई. अन् घर होतं आईच्या मामीचं, सत्यभामाबाईंचं. मोहाडीजवळच्या या खेड्यात मामीनंच पोरक्या पुष्पाला लहानाची मोठी केली होती. मामी उन्हाळ्यात वारली. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणून घर आईच्या नावावर झालं. एकोणऐंशी सालच्या दिवाळीच्या सुट्टीत सगळे तुमसरहून घर बघायला आले, पहिल्याच दुपारी हे रडणं ऐकलं आणि तडक शेजारच्या धनीराममामांकडे मुक्कामाला गेले. इश्वर हा धनीराममामांचा धाकटा मुलगा.

त्या दिवशी आई जेवलीच नाही.

"मामी माह्यावर रुसली हाये," ती बाबूजींना म्हणाली. "इतकी बिमार होती, अन् मी एकडाव भेटाले आली नाही. कोन्या तोंडानं त्या घरात जाऊ?"

"मंग देऊन टाकू ना घर," बाबूजी म्हणाले.

"मलेच द्या," धनीराममामा मिशीवर हात फिरवत म्हणाले. "गोठ्याच्या छपराले कवेलू अन् लाकूड पाह्यजेच होतं. परवा दुपारी गडी लावतो, पाडून टाकतो."

आईनं मान हलवली खरी, पण तोंड भिंतीकडे फिरवलं. रुखमाला वाटलं, घर गेलं तर जाईल, पण मामी आपल्यावर रुसूनच गेली हे दुःख आई जन्मभर उरात घेऊन बसेल!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं जागू आणि इश्वरला गोठ्यामागे गाठलं.

"मले एक सांगा, भूत दुपारीच काहून रडते? बाकी टायमाले त्याले सुट्टी रायते का?"

"दुपारी गावात कोनी नसते ना," इश्वर म्हणाला. "सारे धान कापाले जातेत."

"अन् एकच ओळ तीनदा म्हणलं! पाठांतर केल्यासारखं. मधात खोकललं बी."

"भुताले पडसं होते?" जागूचे डोळे मोठे झाले.

"तेच पाहाचं हाये. चला!"

दुपारी तिघं मागच्या परसातून, तुरीच्या झाडांआडून, वाकत वाकत मागच्या दाराशी पोचले. रडणं सुरू झालं होतं. जागूनं रुखमाचा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली. रुखमानं फटीला डोळा लावला.

आत जुनं लुगडं नेसलेली एक बाई पाठमोरी बसली होती. डोक्यावरून पदर, खांदे गदगदत होते. तेवढ्यात बाई वळली.

बाईला मिशा होत्या!

"अरे! हा तं आमचा तेजरामदादा!" इश्वर किंचाळला आणि दारासकट आत पडला.

तेजराम पदर सोडून हातच जोडू लागला. "बाबाले सांगू नोका गा! तंगडं तोडन माह्यं!"

मग हळूहळू सगळं कळलं. भाऊबीज झाली की गावात मंडईची जत्रा भरायची आणि रात्री नाटक. त्यात तेजरामला उन्हाळ्याआधीच एका आईचं काम मिळालं होतं. पण आपल्या पोरानं लुगडं नेसावं हे धनीरामांना मुळीच खपत नव्हतं. म्हणून तो इथे मामीकडे शिकायला यायचा; तिला तो मोठीमाय म्हणायचा.

"मोठीमायनंच शिकवलं," तो म्हणाला. "म्हने, बाई पयले पदर शोधते अन् मंग रडते. पुष्पाबाईच्या लग्नात ते जशी रडली, तशीच्या तशी मले शिकवली. मोठीमाय गेली, आता दुसरीकडं कुठं जाऊ?"

"पुढचं बी येते का तुले?" रुखमानं विचारलं.

तेजरामनं पुढचं म्हणून दाखवलं. रुखमा ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे आईनं ऐकलंच नव्हतं! ती तर पहिल्या ओळीलाच पळाली होती.

"उद्या हे सगळं म्हणशील? आईसाठी?"

तेजरामचा चेहरा पडला. उद्या तर घर पाडायला बाबा स्वतः येणार होता! त्यानं लुगड्याचा पदर नीट केला. मग म्हणाला, "मोठीमायसाठी म्हणतो. होऊ दे काय होते ते."

दुसऱ्या दिवशी धनीराममामा दोन गडी आणि शिडी घेऊन हजर झाले. रुखमानं आई-बाबूजींनाही ओढून आणलं. शिडी भिंतीला लागते न लागते तोच आतून आवाज आला, "पुष्पे वं..."

गडी दोन पावलं मागे सरले. मामा चार!

"भेता का मामा?" रुखमानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

गड्यांसमोर 'हो' कसं म्हणणार? "कोन भेते? मी?" म्हणत मामा जागीच थांबले.

रुखमानं आईचा हात धरला. "आई, आज पळू नोको. शेवटपर्यंत आयक."

"...मले टाकून चालली का वं, पुष्पे? जा माय, जा. सुखानं राय. इकडं याले सवड नाही भेटली तं जीव जाळू नोको वं, मी नाही रुसनार. माह्यी पोर तिकडं हासून राहिली, इतकंच मले पुरे. पन हे घर तुह्यं हाये. केव्हाही ये, मी नसली तरी ये."

आई मटकन खाली बसली. "लग्नात बाजा वाजत होता... बैलाचं खाचर निघालं होतं... पुढचं मले आयकूच नाही आलं!" ती लहान मुलीसारखी रडू लागली. बाबूजींनी चष्मा पुसला. धनीराममामा तर दुपट्ट्यात तोंड खुपसून हुंदके देत होते.

"कोन हाये आत?" त्यांनी विचारलं.

दार उघडलं. लुगड्यातला तेजराम मान खाली घालून उभा! मामांचा हात वर गेला. तिन्ही पोरांनी डोळे मिटले.

"मिशा काढ पयले," मामा म्हणाले. "माय कुठं मिशीवाली रायते?"

सगळे रडता रडता हसले. मामांनी शिडी उतरवायला लावली आणि पोरांकडे वळले. "आमी मोठे पळालो, अन् तुमी लहान असून कान देऊन आयकलं. शाबास रे पोरहो!" बाबूजींनी तिघांच्या पाठीवर थाप मारली.

आई मात्र केव्हाच उठली होती. तिनं डोळे पुसले, उंबरा ओलांडला.

"मामी, मी आली," ती म्हणाली, आणि पदर खोचून केरसुणी शोधू लागली.