चाकाला लागलेला चिखल

ही गोष्ट खरी आहे. माझा मावसभाऊ मुकेश एरवी थापा मारण्यात पटाईत, पण हे सांगताना त्याचा चहा गार होऊन जातो.

मागच्या सप्टेंबरमधली संध्याकाळ. मंगरूळपीरच्या बाजारात वांगी विकून तो मानोऱ्याच्या रस्त्याने पिकअप घेऊन परतत होता. शेजारी त्याची आई, म्हणजे माझी कस्तुरामावशी. पाऊस भुरभुरत होता.

गावाजवळच्या नाल्यावर बिनकठड्याचा पूल आहे. त्यावर काळ्या मातीचा चिखल पडला होता. शेतातून डांबरी रस्त्यावर येताना ट्रॅक्टरची चाकं खरवडायची असतात. घाईत कोण खरवडतो?

मुकेशने करकचून ब्रेक दाबला. तिथेच चुकलं.

पिकअप सरकली... आणि अडकली. आईच्या बाजूचं पुढचं चाक पुलाबाहेर लटकत होतं. खाली नाला भरून वाहत होता.

उतरायला त्याने दार उघडलं, तशी गाडी आईकडे कलली.

"तू उतर बाबू. माह्यं काय..."

"गुपचूप बस मा. मी उतरलो तं तू खाली जाशीन."

त्याने दार ओढून घेतलं. मोबाइलला रेंज नव्हती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग पाऊस थांबला. बेडूकही गप्प झाले.

खर्र...

मागच्या चाकाशी कुणीतरी खुरप्याने चिखल खरवडत होतं.

खर्र... खर्र...

आरशात कोणीच नव्हतं.

"कोनाच्या ट्रॅक्टरचा गारा-चिखल हाये हा?" आवाज अगदी दाराशी आला.

"मले नाई मालूम," मुकेश म्हणाला.

गाडी वीतभर खाली गेली. आईने त्याचा दंड धरला. "खरं सांग बाबू."

"माह्याच. सकाळी चाकं खरवडाचे राह्यले."

गाडी थांबली. मुकेशला रडू फुटलं.

"आन् मांगच्या सालचा?"

आदल्या पावसाळ्यात याच पुलावर गावातल्या रामकिसनबुवांची मोटरसायकल चिखलावरून घसरली होती. बुवा नाल्यात वाहून गेले. तो चिखल कुणाच्या ट्रॅक्टरचा, ते गावाला कधीच कळलं नाही.

मुकेशने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. आई त्याच्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात समोरून जीप आली. लोकांनी दोर लावून पिकअप ओढली. दोघं वाचले. मागची चाकं मात्र धुतल्यासारखी स्वच्छ होती.

आई त्याच्या गाडीत परत बसलेली नाही.

आता मुकेश न चुकता खुरपं घेऊन ट्रॅक्टरच्या चाकाशी बसतो. परवा मी तिथेच होतो. मध्येच त्याने हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

पलीकडच्या चाकाशी खरवडणं चालूच होतं...