तारेवर आलेली ओ

क्लाइनसाहेबांची मशीन आम्ही जीपमधून आटपाडीला नेली, ते सेहेचाळीसचं साल होतं. ऊन टाळू भाजत होतं आणि माझं डोकं त्याहून तापलेलं. साताऱ्यापासून ते मणाचं धूड मांडीवर सांभाळत यायचं म्हणजे काय गंमत आहे!

साहेब व्हिएन्नाचे. तिथं ज्यूंना जगू देईनात, म्हणून लढाईच्या आधीच इकडं पळून आलेले. केसाइतक्या बारीक पोलादी तारेवर माणसाचा आवाज धरायची मशीन त्यांनी साताऱ्यात स्वतः बांधली. मी सिकंदर, त्यांचा मदतनीस. फौजेत चार वर्षं वायरलेस सांभाळलेला. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी सरळ उठून जातो.

परदेशातल्या इस्पितळांत नावगाव विसरलेले जवान अजून पडून होते. घरच्यांच्या हाका त्यांना ऐकवल्या तर एखाद्याला ओळख पटेल, असं साहेबांचं म्हणणं.

आटपाडीत आम्ही उतरलो ते नाथाजीआबांच्या घरी. त्यांचा थोरला मुलगा, फौजेतला सयाजी, ब्रह्मदेशात बेपत्ता होऊन दोन वर्षं झालेली. त्याची बायको हरणाबाई. दुसऱ्या दिवशी तिचा धाकट्या दिराशी, ज्ञानूशी, पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा होता. नवरा जिवंत असेल तर पाट मोडायचा, एवढंच तिला हवं होतं. सारखी आतबाहेर करत होती बिचारी.

"सूनबाई, नाव घिऊन हाक मार," आबा म्हणाले.

"आवं मामंजी, म्या कवा नाव घेतलंय त्यांचं?"

"सरकारी काम हाय. मार."

तिनं पदर तोंडावर ओढला. "सयाजी."

साहेबांनी तार मागं गुंडाळून वाजवली. तिची हाक आली, आणि पाठोपाठ, लांबच्या बांधावरून यावी तशी, पुरुषाची ओ.

आबा ताडकन उठले. "सया! माज्या सयाचा आवाज हाय ह्यो!"

हाक मारताना खोलीत कुणी ओ दिली नव्हती, अल्लाची शपथ. मी बाहेर धावलो. अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं. ज्ञानू तर सकाळीच सांगलीला गेलेला.

"तारेवर जुना आवाज राहिला असेल, साहेब."

"तार नया है, सिकंदर. बिलकुल खाली."

ते मशीनपासून दोन पावलं मागं सरकले. मला त्यांचा रागच आला. इंजिनिअर माणसानं असं करून कसं चालेल? मी सगळे जोड पुन्हा आवळले आणि दुसरी कोरी तार चढवली.

"सयाजी!" या वेळी तिनं पदर घेतला नव्हता.

तार वाजवली. "कोन?" झोपेतून उठल्यासारखा आवाज, पहिल्यापेक्षा जवळचा.

हरणाबाई हुंदके द्यायला लागली. "जिते हायती! जिते हायती, मामंजी! पर नावानं कवा हाक मारलीया म्या त्यांस्नी? वळकनार कसं?"

"पाट मोडला," आबा म्हणाले. "ज्ञानूला निरोप धाडतो." म्हाताऱ्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

मला तिथून निघावंसं वाटत होतं. पण तिनं माझ्या हातातून माइक ओढून घेतला.

"आवं, मी हाय. तुमची हरणा."

साहेबांनी तिसऱ्यांदा तार वाजवली. तिचं बोलणं संपलं. मग नुसती खरखर.

बराच वेळ.

"हरणा?" तो म्हणाला. "हरणा तर हितंच हाय की. माज्यापाशी."

त्याच्यामागं एक बाईमाणूस हळूच हसलं. आवाज हरणाबाईचाच.

आबांनी झटकन सुनेकडं पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

साहेबांनी मशीन बंद केली. हरणाबाईनं माइक माझ्या हातात ठेवला, डोळे पुसले, पदर सारखा केला.

"लावा उद्या पाट, मामंजी," ती म्हणाली. "त्यांच्यापाशी मी हाय."