यापूर्वीची सर्व पत्रे

तिच्या पत्राला त्यानं सात महिने उत्तर दिलं नव्हतं. विसरला म्हणून नव्हे. दुसऱ्या पत्राची वाट पाहत होता म्हणून.

त्याचं काम तळ्यांचे नकाशे काढण्याचं. या धंद्यात एक शहाणपण अंगात मुरतं... सरकारी पत्राला लगेच उत्तर द्यायचं नसतं. जमीन खातं लिहितं, 'तळं ओढ्यापासून तीस मीटर लांब हवं.' आठवड्याभरात पाणी खातं लिहितं, 'ओढ्याला लागूनच हवं.' इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधोमध हा, खोडरबर घेऊन.

ती भेटली ओढ्यावरच. तो या काठाकडून मोजत आला, ती त्या काठाकडून, आणि दोघांच्या फिती एकाच दगडापाशी येऊन थांबल्या.

"जमीन खात्याचे का?" तिनं विचारलं.

"नाही हो. दोन्ही खात्यांच्या शिव्या खाणारा."

ती खळखळून हसली. पाणी खात्यात तपासनीस होती ती. "मग आमच्या वाटच्या आत्ताच खाऊन घ्या, नकाशेवाले. तुमचं तळं चुकलंय."

"तुमच्याच साहेबांनी सरकवलंय ते. गेल्या महिन्यात."

"असं?" तिनं ओली बट कानामागे सारली. "मग... साहेब चुकलेत. पण हे लिहून ठेवू नका हं!"

त्यानं लिहून ठेवलं नाही. विसरलाही नाही.

तळं त्यानंतर चार वेळा सरकलं. दर वेळी मोजायला तीच आली. पूर्वी तो चरफडायचा. आता मनातल्या मनात म्हणायचा, अजून थोडं चुकू दे.

शेवटी मंजुरी आली. मंजुरीच्या कागदामागे टाचणीनं लावलेलं तिचं एक छोटं पत्र होतं.

'माझी धरणावर बदली झालीय. पुढचा प्रश्न खात्याचा नाही, माझा आहे. तळं झालं तरी आपण भेटायचं का? उत्तर लेखी द्यावे.'

त्याचे कान तापले. हे खरं की थट्टा? आणि खरं असलं, तरी उद्या 'भेटू नये' असं आलं तर? थांबलेलं बरं.

दुसरं पत्र आलंच नाही. आलं ते आज, पाणी खात्याच्या नव्या साहेबांचं. 'मागील तपासनिसांची यापूर्वीची सर्व पत्रे रद्द समजावीत.'

तो तडक कार्यालयात गेला.

"साहेब, सर्व म्हणजे... सर्व?"

"सर्व."

"एखादं खात्याबाहेरचं असेल तर?"

साहेबांनी चष्मा काढला. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

घरी आल्यावर त्यानं दोन्ही कागद ताईपुढे ठेवले. थोरल्या बहिणीनं वाचून कपाळावर हात मारला.

"सात महिने? अरे ठोंब्या, हो की नाही, एवढंच तर विचारलंय तिनं!"

"आता तिचं मन बदललं असेल तर?"

"ते ती सांगेल. तू तुझं सांग."

आयुष्यात कुठल्याही खात्याला त्यानं हरकत घेतली नव्हती. आज बसला, तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं. 'तुमची सर्व पत्रे रद्द झाल्याचे कळवण्यात आले आहे. त्यांतल्या एकाबाबत माझी सक्त हरकत आहे. उत्तर — हो. उशिराची चूक माझी. धरणावर कोणत्या दिवशी येऊ?'

टपालपेटीशी तो पुन्हा घुटमळला. 'हो'च्या आधी काहीतरी लिहायला हवं होतं का... तोवर बोटं सैल झाली होती. आत कागद पडल्याचा हलका आवाज आला.

त्याचं खोडरबर खिशातच राहिलं.