नात्याचा रकाना

टेलिफोनच्या कपाटामागून दोन बूट बाहेर आलेले दिसले आणि धम्मदीपाच्या हातातला चहा सांडला.

बॉनमधल्या त्या भारतीय सरकारी कचेरीत या खोलीत तिच्याखेरीज कोणी एकट्याने शिरायचं नाही, असा नियम होता. नियम मोडला की काय होतं, हे दिल्लीच्या प्रशिक्षणात तिला आठ दिवस घाबरवून सांगितलं होतं, आणि धम्मदीपा मुळातच भित्री. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघणारी. असेल नसेल तेवढं जर्मन गोळा करून तिने विचारलं, कोण आहे तिथे? उत्तरादाखल आधी कपाळ पत्र्यावर आपटल्याचा आवाज आला, आणि मग स्वच्छ मराठीत, "आई गं..."

उज्ज्वल सरोदे त्याचं नाव. पुण्याचा, जर्मनीतल्याच आखन शहरात शिकलेला, आणि कचेरीच्या साध्या फोनची देखभाल करणाऱ्या जर्मन कंपनीत नुकताच लागलेला. पावसाळी हवेत लाईनवर खरखर येते, अशी तक्रार धम्मदीपानेच केली होती. पाहुण्याचा पास त्याच्या जॅकेटला होता आणि भिजलेलं जॅकेट खाली रेडिएटरवर वाळत होतं. सांडलेला चहा पुसायच्या आधी तिने रजिस्टर उघडलं आणि नाव, पत्ता, जन्मतारीख विचारून घेतली.

"पहिल्याच भेटीत एवढी चौकशी?" तो कपाळ चोळत म्हणाला, "आल्झो... म्हणजे, आमच्याकडे याला बघण्याचा कार्यक्रम म्हणतात. फक्त पोहे राहिले."

"सही करा," ती म्हणाली. हसली ती नंतर, जिन्यात, कोणी नाही असं बघून.

हा दोन हजार पाच सालचा ऑक्टोबर. धम्मदीपाच्या ताब्यात तेव्हा दोन तऱ्हांचे फोन होते. साधे फोन टेबलाटेबलावर; प्रत्येकावर तिने स्वतः पट्टी चिकटवलेली, 'ही लाईन सुरक्षित नाही'. दुसरा फोन एकच, तिच्या टेबलामागच्या बिनखिडकीच्या खोलीत, जाड दाराआड. त्यावर बोललेलं वाटेत कोणाला उलगडत नसे. तो वाजला की आधी बाहेरच्या टेबलावरचा साधा फोन खाली ठेवायचा, मग दार उघडायचं, मग सुरक्षा अधिकारी पाटणकर सरांना बोलवायचं. हा क्रम चुकवायचा नाही. साधा रिसीव्हर उघडा राहिला म्हणजे कोणाचा तरी कान खोलीत राहिला, असं सर म्हणायचे. नागपूरला टपाल खात्यातून निवृत्त झालेले तिचे बाबा लेकीच्या परदेशी नेमणुकीबद्दल अख्ख्या गल्लीला सांगत फिरले होते, आणि एका चुकीने ती नेमणूक जाऊ शकते हे धम्मदीपा झोपेतही विसरत नसे.

खरखर तपासायला उज्ज्वल दर गुरुवारी दहा वाजता आपल्या ऑफिसातून फोन करायचा. तिने एक ते दहा आकडे म्हणायचे, त्याने तेच परत म्हणून दाखवायचे. दुसऱ्या गुरुवारी दहाच्या पुढे एक प्रश्न आला, आज डब्यात काय आहे? तिसऱ्या गुरुवारी ऱ्हाइन नदीवरच्या धुक्याबद्दल बरीच चर्चा झाली. मग एकदा त्याने विचारलं की सातचा आकडा म्हणताना तुम्ही हसता, तो लाईनचा दोष समजायचा का? खरखर केव्हाच थांबली होती. हे त्यालाही माहीत होतं, तिलाही. पण गुरुवार आला की सकाळपासून तिचं लक्ष घड्याळाकडे लागायचं, आणि आपल्याला काय होतंय ते तिला कळत होतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी ती आकडे म्हणत सहापर्यंत आली होती, तोच आतला फोन वाजला. "एक मिनिट," ती म्हणाली आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून धावली. टेबलावर ठेवला, जागेवर नाही! दार उघडलं, सरांना हाक मारली. सर आत गेले, पण घाईत दार पुरतं लागलं नाही. ती सरांची फाईल शोधत राहिली. परत आली तेव्हा रिसीव्हर तसाच आडवा होता आणि त्यातून नुसता टूं-टूं आवाज येत होता.

संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर उज्ज्वल उभा होता. पाऊस पडत होता आणि त्याची छत्री मिटलेलीच होती.

"मला ऐकू आलं," तो म्हणाला. "एक वाक्य. त्यात एक तारीख होती. मी लगेच फोन ठेवला, पण... आलं ऐकू."

"कोणाला सांगितलंत?"

"फक्त तुम्हाला. मी गप्प बसलो तर कोणालाच कळणार नाही. पण तुमच्यापासून लपवून दर गुरुवारी आकडे म्हणणं मला जमलं नसतं. पुढचं तुम्ही ठरवा. मी तुमच्याबरोबर आहे."

तिने मान हलवली आणि आलेल्या ट्राममध्ये चढली. खिडकीतून दिसेनासा होईपर्यंत तो भिजत उभा होता. गप्प बसावं, असं तिला मनापासून वाटलं. बाबांचा चेहरा आठवला, आणि हे लपवून त्यांच्याशी फोनवर बोलताना आपला आवाज कसा येईल, तेही मनात आलं. दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला ती पाटणकर सरांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून मोकळी झाली. सर ओरडले नाहीत. त्यांनी छापील जबाबाचे दोन कागद काढले आणि उज्ज्वलला बोलावणं धाडलं. दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून लिहायचं आणि दिल्लीहून उत्तर येईपर्यंत एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. दोन्ही जबाब ताडून पाहिले जातील, हेही सरांनी सांगितलं.

फोनचं कारण काय, या रकान्यात तिने खरं ते लिहिलं: सुरुवातीला खरखर, नंतर कारण नव्हतं. त्याखाली रकाना होता, 'सदर व्यक्तीशी नाते'. तिने 'परिचित' लिहिलं. बराच वेळ त्या शब्दाकडे पाहिलं. मग तो खोडला आणि लिहिलं, 'माझे त्यांच्यावर प्रेम आहे. त्यांना सांगितलेले नाही.' खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली.

खरी भीती त्यानंतर सुरू झाली. शेजारच्या खोलीत त्याने काय लिहिलं असेल? 'केवळ कामापुरता संबंध' असं लिहिणं त्याच्या फायद्याचं होतं. शहाण्या माणसाने तेच लिहिलं असतं. मग जबाब जुळले नसते, ती खोटी ठरली असती, आणि सरकारी फाईलमध्ये एका वेड्या मुलीचं एकतर्फी प्रेम शिक्क्यासकट राहिलं असतं. नोकरी जाण्यापेक्षा हेच तिला जास्त लागत होतं. नऊ दिवस असेच गेले. मधला गुरुवार आला, दहा वाजले, आणि फोन वाजला नाही.

दहाव्या दिवशी सरांनी बोलावलं. दिल्लीचं उत्तर आलं होतं. ऐकलेल्या वाक्यातून काही अनर्थ झाला नव्हता आणि चूक तिने स्वतःहून सांगितली होती, म्हणून कडक समज देऊन नेमणूक राहू दिली होती. आतल्या खोलीचं काम मात्र सहा महिने दुसऱ्याकडे. उज्ज्वलला कचेरीत पाऊल ठेवायला कायमची बंदी, त्याच्या कंपनीने दुसरा माणूस पाठवायचा. हे सगळं त्यालाही आज सकाळी कळवलं आहे, सर म्हणाले. ती आभार मानून वळली.

"थांब," सर म्हणाले. "जबाब जुळलेत. एका रकान्यात थोडी तफावत आहे, तेवढी बघ." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला.

उज्ज्वलचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. नात्याच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'यांच्याशी लग्न करायचे आहे. अजून विचारलेले नाही, कारण त्या घाबरतात. मीही.'

"विचारलं का त्याने?" सरांनी चष्मा पुसत विचारलं.

"नाही, सर."

"मग हा रकाना अपुरा आहे. मला फाईल बंद करायचीय."

ती आपल्या टेबलाशी आली. आतलं दार बंद होतं. तिने तीनदा ओढून पाहिलं. मग साधा फोन उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नंबर स्वतः फिरवला. पलीकडे तो "हॅलो" म्हणाला. तिने आकडे म्हणायला सुरुवात केली... एक, दोन, तीन. सातपर्यंत आली तेव्हा पलीकडे उज्ज्वल हसत होता, की रडत होता, कोण जाणे.

"ही लाईन सुरक्षित नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. ऐकू दे कोणाला ऐकायचं ते. धम्मदीपा... माझ्याशी लग्न करशील?"

"हो," ती म्हणाली. "नाव, पत्ता, जन्मतारीख आहे माझ्याकडे. पोहे तेवढे राहिलेत."

रविवारी पोह्यांना यायचं त्याने कबूल केलं. मग तिने रिसीव्हर जागेवर ठेवला, आणि नीट बसलाय ना, हे फक्त एकदाच पाहिलं.