चष्म्याचं घर

साध्या टेबलावर फडकं मारायलाही शिकावं लागतं, हे शर्वाणी खोडकेला वयाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं. साताऱ्याजवळच्या डोंगरावरल्या अणुसाक्ष केंद्रात तिच्या प्रशिक्षणाचा तिसरा आठवडा चालू होता. हातात दुहेरी मोजे, तळहाताएवढं सुती कापड, आणि एका जागेवरून एकदाच हात फिरवायचा. जगभरातल्या अणुकेंद्रांमधून अशीच कापडं इथे तपासायला येत. कोणी चोरून बॉम्बचा माल बनवत असेल, तर त्याची धूळ त्यांत सापडे.

"घरी असं पुसलंस तर आई लाटणं घेऊन मागे लागेल," डॉ. पेडामकर म्हणाले. तीस वर्षं देशोदेशी तपासनीस म्हणून फिरलेला हा माणूस शिकवताना मात्र गमत्या होता. "टेबल पुरे. आता हे पूस."

त्यांनी खणातून चष्म्याचं एक जुनं मखमली घर काढून तिच्यापुढे ठेवलं. नमुना सरावापुरताच होता, संध्याकाळी पाचला जाळून टाकायचा.

कापड यंत्रात गेलं. वयमापक हे त्याचं खरं नाव, पण केंद्रात सगळे त्याला पत्रिकावाला म्हणत. युरेनियम शुद्ध केलं की त्यातलं थोरियम निघून जातं आणि मग पुन्हा हळूहळू साठू लागतं. किती साठलं ते मोजून पत्रिकावाला एकेका कणाचा जन्ममहिना सांगे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे कोणालाच जमत नव्हतं.

चाळीस मिनिटांनी पडद्यावर एकच कण उमटला. शर्वाणीने आकडे दोनदा वाचले.

"सर, माझं काहीतरी चुकलंय. नव्वद टक्के समृद्ध दाखवतंय, म्हणजे बॉम्बचा माल. वय बारा वर्षं चार महिने."

पेडामकर हसले नाहीत. त्यांनी स्वतः मोजणी पुन्हा लावली. आकडा तोच आला.

"हे घर तुम्ही कुठे कुठे नेलं होतंत, सर?"

"एकदाच. माझ्या बायकोने, सुमतीने त्या दौऱ्यासाठी शिवून दिलं होतं. परत आल्यावर डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि चष्माच सुटला." ते खुर्चीत बसले. "बारा वर्षं झाली."

कोणता दौरा, हे विचारायची गरज नव्हती. केंद्राच्या अभ्यासक्रमात तो पहिल्याच धड्यात होता. आपण कारखाना मोडल्याचं त्या देशाने दौऱ्याच्या तीन वर्षं आधी जाहीर केलं होतं. पेडामकरांनी तपासणी करून 'काही आढळलं नाही' या अहवालावर सही केली, आणि त्या सहीवर विसंबून शेजारच्या देशाने आपला बॉम्बचा कार्यक्रम गुंडाळला. हा कण मात्र दौऱ्याच्या जेमतेम काही महिने आधी, म्हणजे कारखाना 'मोडल्या'नंतर जन्मला होता.

"तिथे तोंडावरच्या संरक्षक मुखवट्यामुळे चष्म्यावर वाफ धरत होती," ते म्हणाले. "मोजे न काढता मी तो या घरात टाकला. खासगी वस्तू आत न्यायची नाही, हे मीच तुम्हाला शिकवतो. दिव्याखाली अंधार! आणि भिंतींना ओल्या रंगाचा वास येत होता, शर्वाणी. सगळे नमुने स्वच्छ आले, म्हणून मी तो वास अहवालात लिहिलाच नाही."

शर्वाणीला त्यांची कीव आली आणि रागही आला. घड्याळात पावणेपाच झाले होते.

"सर, सरावाचा नमुना आहे. पाचला जाळायचाच आहे. कोणी विचारणारही नाही." बोलताना तिची तिलाच लाज वाटली.

"जाळला, तर त्यांनी लपवलेला माल तसाच राहील. नोंदवला, तर शेजारी उद्याच पुन्हा कामाला लागेल." त्यांनी नोंदीचा अर्ज तिच्याकडे सरकवला. "तरी लिही. नमुना कुठून घेतला? तपासनीसाच्या चष्म्याच्या घरातून. वासाचंही लिही."

तिने लिहिलं. त्यांनी सही केली, आणि नियमाप्रमाणे ते खोलीबाहेर गेले. शेवटचा रकाना नमुना घेणाऱ्याने एकट्यानेच भरायचा असे. त्यात एकच प्रश्न होता: 'नमुना देणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येतो का?'

घर एकाच दौऱ्यावर गेलं होतं, याला पेडामकरांच्या शब्दाखेरीज पुरावा नव्हता. 'नाही' लिहिलं, तर कण कचरा ठरणार होता. आणि 'होय' म्हणावं, तर बारा वर्षांपूर्वी सगळ्या जगाने याच माणसाच्या शब्दाला 'होय' म्हटलं होतं.

शर्वाणीने पेनचं टोपण काढलं. आता तिने काय लिहावं?